मंत्रीमहोदय, बाळ झोपल्यावर मोजायचं असतं

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, काल दुपारी माझ्या मोबाइलवर एक मेसेज आला. ‘आपल्या तक्रारीवर उचित कार्यवाही करण्यात आली असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ तक्रार होती धाप लागलेल्या तान्ह्या बाळांना कॅज्युअल्टीतून घाईने घरी सोडण्याबद्दल. कार्यवाही काय केली, कुणी केली, कुणावर केली, अवाक्षर नाही. ऑगस्टमध्ये ज्या साहेबांच्या टेबलासमोर मी पाऊण तास उभा होतो (खुर्ची होती, पण तिच्यावर फायली बसल्या होत्या), त्यांनी शब्द दिला होता, ‘काका, पंधरा दिवसांत परिपत्रक काढतो, सगळ्या हॉस्पिटलांना.’ त्याला अकरा आठवडे झाले. परिपत्रक निघालं नाही. तक्रार तेवढी निकालात निघाली.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते जमेलसं दिसत नाही.

माझ्या नातीला घरी आम्ही चिमी म्हणतो. जुलैच्या शेवटी ती दहा आठवड्यांची होती. बालवाडीतून भावाने सर्दी आणली. त्याचं दोन शिंकांवर भागलं, हिची छाती भरली. ब्राँकिओलायटिस. हा शब्द मी बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला आणि आता तो झोपेतही बिनचूक म्हणतो. फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजतात, त्यात चिकट स्राव साचतो आणि तान्ह्या जिवाला एकेक श्वास ओढून काढावा लागतो. बहुतेक वेळा कारण आरएसव्ही हा विषाणू, आणि आपल्याकडे त्याचा हंगाम पावसाळा. अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. बाळ आपलं आपण बरं होतं. तोवर त्याला ऑक्सिजन आणि दूध कमी पडू द्यायचं नाही, एवढाच उपचार.

रविवारी नाक वाहायला लागलं. सोमवारी संध्याकाळी पोट उडायला लागलं, दूध निम्म्यावर आलं, म्हणून साडेसातला आमच्या भागातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. नाव लिहीत नाही. माझं भांडण एका पाटीशी नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांच्या डोळ्यांवरून दिसत होतं की त्यांची ड्युटी आदल्या दिवशी सुरू झाली असावी. त्यांनी चिमीच्या पायाच्या अंगठ्याला ते लाल दिव्याचं क्लिप लावलं. ती टक्क जागी, रडून दमलेली. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 94. मशीनवरून तीनदा वाफ दिली. पुन्हा क्लिप, पुन्हा 94. ‘सॅच्युरेशन छान आहे, घरी न्या.’ आठ चाळीसला आम्ही बाहेर. या सत्तर मिनिटांतली तीस बिलाच्या खिडकीपाशी गेली. बिल 3,150 रुपये, त्यात वाफेचे 900. ही वाफ या आजारात नेहमीसाठी देऊ नका असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच लिहून ठेवलं आहे, हे मला नंतर कळलं. पैसे आधी भरले होते.

एक सांगतो. मी चौतीस वर्षं विद्युत मंडळात काढली, त्यातली बरीचशी मीटर टेस्टिंगला. बेंचवर मीटर चढवलं की आम्ही त्याच्यावर लोड टाकायचो. थोडा, निम्मा, पुरा, आणि प्रत्येक वेळी चूक किती ते लिहायचं. लोड न टाकताच ‘ठीक आहे’ म्हणून शिक्का मारला असता, तर साहेबांनी मलाच बेंचवर चढवलं असतं. दहा आठवड्यांच्या बाळावर लोड दोनच असतात. दूध ओढणं आणि झोप. दूध ओढताना ते दमतं, झोपेत श्वासाचा जोर कमी पडतो. चिमीला त्या सत्तर मिनिटांत कुणी पाजून पाहिलं नाही, झोपूही दिलं नाही. नो-लोडवर पास.

94 हा आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. इंग्लंडात नाइस नावाची संस्था आहे, तिने 2015 मध्ये या आजारासाठी नियम लिहिले, 2021 मध्ये सुधारले. माझ्या भाच्याने ते वाचून मला समजावले. भरती केलेल्या बाळाला घरी सोडताना, ते सहा आठवड्यांवरचं असेल तर त्याचा ऑक्सिजन साध्या हवेत 90 च्या वर हवा. त्याहून लहान असेल किंवा हृदयाचं वगैरे दुखणं असेल तर 92 च्या वर. म्हणजे 94 चालला असता! पण त्याच ओळीत पुढे आहे की तो आकडा चार तास टिकला पाहिजे आणि त्या चार तासांत बाळाची एक झोप झालेली असली पाहिजे. शिवाय ते तोंडाने पुरेसं पीत असलं पाहिजे. वय तीन महिन्यांच्या आत असेल, बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर जास्त सांभाळून. आणि आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढतो. चिमीचा तो दुसरा दिवस होता. दिवे घाटाच्या पायथ्याला गाडी गरम झाली नाही म्हणून ‘घाट चढली’ असं कुणी म्हणतं का?

त्या संध्याकाळी कामाचं एकच वाक्य कानावर पडलं, तेही दारात. सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘आजोबा, झोपल्यावर बघा पोट किती उडतंय. रात्री परत आणायला लाजू नका.’ या वाक्याचे पैसे लागले नाहीत. ते कुठल्या कागदावरही नव्हतं. कागदावर औषधांची चार नावं आणि ‘रिव्ह्यू एसओएस’, म्हणजे गरज पडली तर परत दाखवा. माझी सून मराठी शाळेतली. तिने मला विचारलं, ‘बाबा, एसओएस हे सिरप आहे का?’

रात्री तीन वाजून दहा मिनिटं. झिरोच्या बल्बखाली मी चिमीच्या पोटावर हात ठेवून बसलो होतो, दुसऱ्या हातात माझं एचएमटीचं घड्याळ. पुरा एक मिनिट मोजायचं, अर्ध्याची दुप्पट करायची नाही, हे मला ठाऊक होतं. मीटरच्या चकतीचे फेरेही आम्ही तसेच मोजायचो. बहात्तर. पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर. या वयाला पन्नासच्या पुढे गेलं की श्वास जलद धरतात. बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडत होता आणि ती रडत नव्हती, कण्हत होती. डायपर संध्याकाळी सातला बदललेला, तो कोरडाठाक. शेजाऱ्याची गाडी काढली. पाऊस कोसळत होता. प्रत्येक खड्ड्याला माझी मोजणी चुकायची, आणि आपल्या कृपेने चुकायला खूप जागा होत्या. (रस्ते आपल्या खात्यात येत नाहीत, माहीत आहे. कुणाच्याच येत नाहीत.)

दुसऱ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा आकडा 84. पाच दिवस पीआयसीयू, म्हणजे लहान मुलांचा अतिदक्षता विभाग, त्यातले दोन नाकात जोराच्या ऑक्सिजनची नळी आणि दुधासाठी दुसरी नळी. पाच दिवस बाहेरच्या स्टीलच्या बाकावर मी आणि माझा मुलगा आळीपाळीने. तिची आई दर तीन तासांनी दूध काढून द्यायची आणि त्या मधल्या वेळात भिंतीकडे बघायची. बिल 1,64,000. विमा आहे हो! पण पॉलिसीत बाळ नव्वद दिवसांचं झाल्यावर बसतं. चिमी एकाहत्तर दिवसांची. तिने एकोणीस दिवस थांबून आजारी पडायला हवं होतं. मुलाने सोन्यावर कर्ज काढलं, माझं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलं.

आता ती बरी आहे. माझ्याकडे बघून हसते. मला मात्र अजूनही तीनला जाग येते.

माझ्या तक्रारीत मागणी काय होती? सगळ्या बाळांना भरती करा असं मी म्हटलं नव्हतं. बहुतेक घरीच बरी होतात, आणि तेवढ्या खाटा आहेत कुठे? मागणी होती अर्ध्या पानाची. पावसाळ्यात कॅज्युअल्टीत आलेल्या धाप लागलेल्या तान्ह्याला घरी सोडण्याआधी एकदा पाजून पाहा, एकदा झोपू द्या, श्वास पुरा मिनिट मोजून केस पेपरवर लिहा, आजाराचा कितवा दिवस ते विचारा. आणि आईच्या हातात मराठीत एक कागद द्या. पोट उडतंय, कण्हतंय, दूध निम्म्याच्याही खाली गेलं, बारा तास डायपर कोरडा, ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, तर निघा. घरात विडी-सिगारेट नको, हेही लिहा. यासाठी मशीन घ्यायचं नाही, टेंडर काढायचं नाही. कदाचित तिथेच गाडी अडली असेल.

आमच्या सोसायटीत 212 फ्लॅट. मी ग्रुपवर विचारलं. या पावसाळ्यात नऊ बाळं कॅज्युअल्टीत गेली, सगळी घरी पाठवली, त्यातली चार पुन्हा न्यावी लागली. म्हणजे जवळजवळ निम्मी! हा हिशोब अख्ख्या पुण्याला लावला तर आकडा काही हजारांत जातो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, असा हिशोब लावता येत नाही.’ बरं, नसेल येत. मग तुम्ही लावा. कॅज्युअल्टीतून घरी सोडलेलं बाळ तीन दिवसांत परत आलं, अशी नोंद पुणे शहरात कुणी ठेवतं का? या शहरात 1952 पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, बाळ रजिस्टरमध्ये दिसत नाही.

दाद मागायची तर कुठे, तेही एकदा सांगून टाका. औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्या खात्याचं. ससून वैद्यकीय शिक्षणाकडे. कमला नेहरू महापालिकेकडे. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, चांगलं झालं, पण रात्री तीनला कुशीत बाळ घेऊन निघालेल्या माणसाने कुठलं दार कुठल्या खात्याचं हे कसं ओळखायचं? खाजगीला कायदा 1949 चा, नर्सिंग होम नोंदणीचा. 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावा म्हणून. रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा कायदा महाराष्ट्राने घेतलाच नाही. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. आपण पुरोगामी आहोत, आपल्याला घाई नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा. 2020 आलं, गेलं. आपण त्या 8 च्या आसपासही फिरकलो नाही. त्या तरुण डॉक्टरांच्या जागी दोन डॉक्टर असते, तर एकाला चिमी झोपेपर्यंत थांबता आलं असतं की नाही? त्यांच्यावर कारवाई करा असं मी तक्रारीत लिहिलंच नव्हतं. ‘उचित कार्यवाही’ त्यांच्यावर झाली असेल तर ती मागे घ्या.

मला नुकसानभरपाई नको. भेटीची वेळ हवी आहे. पंधरा मिनिटं मिळाली तरी चालतील, पण चार तास द्यायची तयारी असेल तर जास्त बरं; चार तास म्हणजे किती, ते आपल्यालाही कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिमीचा आजोबा
सिंहगड रस्ता, पुणे

ता. क. हे पत्र लिहीत असताना समोरच्या विंगमधलं चार महिन्यांचं बाळ कॅज्युअल्टीतून घरी आलं. आकडा 95, जागेपणी. मी त्याच्या आईला माझं घड्याळ देऊन आलो आहे.