सिव्हिलला जाऊ द्या की पोरांना

मा. संपादक, स.न.

बारावीचा निकाल लागला की आमच्या जुळे सोलापुरात सगळ्यांचं एकच, कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळतंय का बघा, आणि कुणी सिव्हिल इंजिनीअरिंग म्हटलं की लगेच ‘उन्हात मरायचंय का साइटवर’. अहो, उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून शहरात येतं ते पाइपलाइन डिझाइन करणाऱ्यांमुळेच ना? एकरुखचा तलाव १८७१ चा, मातीचा बांध, अजून उभाय.

डिप्लोमावरसुद्धा पाटबंधारे, बांधकाम खातं, झेडपी, रेल्वे इथल्या जेईच्या (ज्युनिअर इंजिनीअरच्या) परीक्षा देता येतात, डिग्रीनंतर एमपीएससी, गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा), नाहीतर स्ट्रक्चरल डिझाइन, एस्टिमेटिंग. प्रायव्हेटमधे सुरुवातीला पगार कमी असतो हे पण पोरांना आधीच सांगा.

माझं म्हणणं एवढंच की नुसत्या नोट्सवर हे शिकता येत नाही, १५० मिमीचा काँक्रीटचा क्यूब स्वतः भरायचा, पाण्यात ठेवायचा, २८ दिवसांनी किती ताकद आलीय ते मशीनमधे फोडून बघायचं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात क्युरिंगला (काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवायला) हयगय केली की स्लॅबला कशा भेगा पडतात ते साइटवर उभं राहूनच कळतं. कॉलेजांनी दुसऱ्या वर्षापासूनच पोरापोरींना साइटवर न्यावं, शेवटच्या वर्षाची वाट बघू नये.

– एक वाचक, जुळे सोलापूर