गच्चीची किल्ली कुणाकडे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात मागच्या रविवारी 'पावसाळ्याआधी घरात काय तयार ठेवाल' अशी चौकट आली होती. विजेरी, मेणबत्त्या, काडेपेटी, बिस्किटांचे पुडे, औषधं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं, चार्ज केलेली पॉवर बँक. यादी चांगली आहे. मी ती कापून ठेवली. दरवर्षीच ठेवते, डब्यात आता गठ्ठा झालाय, आणि पॉवर बँक सोडली तर त्यात नवीन काही आलेलं नाही. पण इतक्या वर्षांत एकाही यादीत मला हवी ती वस्तू दिसली नाही, म्हणून हे पत्र. ती वस्तू म्हणजे गच्चीची किल्ली.

मी कुर्ला पश्चिमेला, बैलबाजाराच्या अंगाला राहते. तळमजला अधिक दोन मजले, मजल्यावर आठ, अशी चोवीस घरं. आमचं घर तळमजल्यावर. घरातूनच पोळीभाजीचे डबे देते. त्यामुळे घरात माणसांपेक्षा पिठाची पोती जास्त.

२६ जुलै २००५, मंगळवार. दुपारी दोनपर्यंत नेहमीचा पाऊस होता. मग जो अंधारून आला तो थांबायचं नाव घेईना. पाणी आधी रस्त्यावरून आलं नाही, मोरीतून उलटं वर आलं. आम्ही तळमजल्याची माणसं या बाबतीत सरावलेली. पाणी आलं की पलंगाच्या पायांखाली विटा, पलंगावर पोती, त्यावर चादर. तेवढं केलं, सासूबाईंना चहा दिला, आणि बघते तर पलंगच हलायला लागलेला.

त्या तासाभरात दोन गोष्टी मी शिकले, त्या कुठल्या चौकटीत वाचल्या नव्हत्या. एक, भरलेला गॅस सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. आमचा ओट्याखालून आडवा होऊन बाहेर आला आणि नळीला हिसके देऊ लागला. रेग्युलेटर बंद करून काढला म्हणून निभावलं. दुसरी गोष्ट शेजारच्या घरात झाली. त्यांचा सोफा तरंगत दारामागे जाऊन अडकला. दार आत उघडणारं, आत मायलेकी दोघीच, खिडक्यांना लोखंडी पिंजरे. समोरच्या गॅरेजमधल्या पोराने गाडीचा जॅक आणून पिंजऱ्याचे गज फाकवले, तेव्हा त्या बाहेर पडल्या. त्या पिंजऱ्याला चोर यायच्या भीतीने तीन वर्षांपूर्वीच दुप्पट गज टाकून घेतले होते.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, साडीने खुर्चीला बांधून चौघांनी जिन्याने वर नेलं. तोवर माझ्या छातीला पाणी लागलं होतं. वरच्या मजल्यांवर गेलो तर सोळापैकी अकरा घरांना कुलपं. दुपारची वेळ, माणसं कामावर. उरलेल्या घरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही, पण तळमजल्याची आठ बिऱ्हाडं, शेजारच्या बैठ्या चाळीतली माणसं, रस्त्यावरून आलेले शाळकरी पोरं, रिक्षावाले... जिना खालपासून वरपर्यंत माणसांनी भरला. वर गच्ची रिकामी. तिथे पाण्याच्या टाकीवर पत्र्याची मोठी शेड आहे, तिच्याखाली पन्नास माणसं आरामात बसली असती. आणि गच्चीला कुलूप.

किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी फोर्टात, त्यांच्या ऑफिसात. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात. मीटरच्या खोलीची किल्लीही त्याच जुडग्यात. खाली मीटरच्या खोलीतून चर्र चर्र आवाज येत होता आणि पाण्यात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता. कुणीतरी वीज कंपनीला फोन लावायला गेलं, तर फोन मुके. थोड्या वेळाने सगळ्या भागाचीच वीज गेली. त्या दिवशी वीज गेली म्हणून देवाचे आभार मानणारी मी एकटी नसेन.

सेक्रेटरींना दोष देत नाही. त्यांना काय माहीत? त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तीन फुटांहून जास्त. त्याच चोवीस तासांत फोर्टाजवळच्या कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टात बसलेल्या माणसाला कुर्ल्यात काय चाललंय ते खिडकीतून कसं कळणार? त्यात भरती. समुद्राचं पाणी चढलं की नाल्यांचं पाणी खाली उतरत नाही, आणि आपले जुने नाले तर तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले. मिठी नदी फुगली, ती आमच्या घरात आली. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पाणी पहिल्या मजल्याच्या दिशेने एकेक पायरी चढतंय.

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वरवंटा आणून दिला. पंधरा-वीस घाव घातले असतील. वरवंट्याचा टवका उडाला, कुलूप जसंच्या तसं. मग अंधारात कुणाच्या तरी लक्षात आलं की कुलूप पितळी असलं तरी कडी ज्या फळीला ठोकलीय ती पावसाने कुजलीय. खालून पहार घालून उचकटली, कडी स्क्रूंसकट हातात आली. दार उघडलं. माणसं टाकीच्या शेडखाली गेली, जिना मोकळा झाला, सासूबाईंना पाय पसरता आले. टाकीतलं पाणीही मिळालं. खालच्या टाकीत एव्हाना गटार शिरलं होतं, म्हणजे पिण्याजोगं पाणी आख्ख्या इमारतीत फक्त तिथेच होतं. कुलुपाच्या पलीकडे.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. पायांना फोड, अंगावरचे कपडे ओले. खिशातून किल्ली काढली, दाराकडे बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "कडी कुणी तोडली?" पुढच्या सभेत कडीचा खर्च सोसायटीने करायचा की तोडणाऱ्यांनी, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. इतिवृत्तात आहे.

तुम्ही म्हणाल, ही एका इमारतीची गोष्ट. तर मग एक आणखी जुनी सांगते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. दगडमातीचं घर, सागवानी दार, आतून आगळ. घर हललं आणि दाराची चौकट तिरकी झाली. आगळ निघेना. वडील ओढतायत, आई आम्हा भावंडांना धरून उभी, आढ्यावरून माती पडतेय. मागच्या भिंतीची बाजू पडली आणि तिथूनच आम्ही बाहेर आलो. पुढे वडील होते तोवर आमच्या दाराला आगळ लागली नाही, नुसती कडी. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीची बातमी आली, गणपती बोळवून झोपलेली माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेल्याचं कळलं, तेव्हा वडिलांनी रेडिओ बंद केला आणि अंगणात जाऊन बसले. मुंबईही भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येते, हे आमच्या इमारतीत फारच थोड्यांना माहीत आहे. जमीन हलू लागली की जिन्याकडे किंवा लिफ्टकडे पळायचं नाही, भक्कम टेबलाखाली डोकं झाकून बसायचं आणि हादरा थांबल्यावर बाहेर पडायचं, हे मुलांना शाळेत शिकवतात. बाहेर पडताना दार उघडेल का, हे मात्र घरच्यांनीच बघायचं असतं.

आता पुन्हा गच्ची. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. करोनाची टाळेबंदी, सगळे घरी. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. आमच्या गच्चीवर गळतीसाठी ताडपत्री घातलेली, आणि ती उडू नये म्हणून कडेने विटा ठेवलेल्या. कठड्यावर कुणाकुणाच्या तुळशी, कोरफडी. वादळ येणार हे आधीपासून टीव्हीवर सांगत होते. मी सकाळी सांगितलं की वर जाऊन विटा आणि कुंड्या खाली घ्या. किल्ली? नवीन सेक्रेटरी गावाला अडकलेले. गच्चीवर पोरं पार्ट्या करतात म्हणून ठराव करून कुलूप बदललेलं. दुपारी तीन विटा खाली आल्या. एक स्कूटरवर, एक गटाराच्या झाकणावर, एक माझ्या खिडकीच्या पत्र्यावर. त्यांच्याखाली माणूस सापडला नाही, एवढंच. टाळेबंदीमुळे रस्ता रिकामा होता. एरवी तिथे डबे न्यायला माणसं उभी असतात.

त्या संध्याकाळी मी भांडले. नीट भांडले. त्यानंतर आमच्याकडे गच्चीच्या तीन किल्ल्या झाल्या. एक सेक्रेटरींकडे, एक दुसऱ्या मजल्यावर, आणि एक माझ्याकडे, पोळपाट टांगते त्याच खिळ्याला. माझ्याकडे का, तर मी दिवसभर घरी असते आणि पाणी आलं तर पहिलं मलाच भेटणार आहे. बावीस घरांना हे मान्य आहे. दोन घरांना अजून वाटतं की यातून चोरी होईल. गच्चीवर चोरण्यासारख्या दोनच गोष्टी, टाकी आणि कबुतरं.

दरवर्षी मे संपताना मी वर जाऊन कुलूप उघडून बघते. गंजलेलं कुलूप किल्ली असूनही उघडत नाही. खोबरेल घालू नका, त्याने धूळ धरते आणि ते चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. मीटरच्या खोलीची एक किल्लीही आता माझ्या खिळ्याला आहे, पण मेन स्विच कुणी ओढायचा आणि जमिनीवर पाणी आलं की त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे ठरवून घेतलंय. पाणी पायरीला लागायच्या आत ओढायचा, नंतर नाही. २००५ नंतर मीटर उचलून पाच फुटांवर बसवले, त्याचं तेव्हा कौतुक झालं. त्या दिवशी पाणी सात फूट होतं, हे मी सभेत सांगितलं तर सगळे माझ्याकडे असे बघू लागले की मीच पाणी आणलं होतं.

बाकी घरातलं मी थोडक्यात सांगते. महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर करते, तो तक्ता फ्रिजवर लावलेला असतो. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की त्या दिवशी कणीक कमी भिजवते. पाणी ओसरल्यावर घरात शिरताना आधी खिडक्या, दिवा नंतर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचून राहतो. गॅस गळतीचा १९०६ आणि महापालिकेचा १९१६ हे नंबर भिंतीवर खडूने नाही, रंगाने लिहिलेत. आणि पाण्यातून चालून आलात, पायाला चिखल्या किंवा जखम असेल, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. उंदराच्या मुतातून होणारा लेप्टोचा ताप २००५ च्या पुरानंतर आमच्या गल्लीतही आला होता.

२०२३ मध्ये सरकारने मोबाइलवर इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा सगळे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले. माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या ताईंनी घाबरून फोन थेट परातीत, कणकेत टाकला. नंतर खूप हसलो. सोय उत्तमच आहे, लाल इशारा खिशात वाजेल यापेक्षा काय हवं. पण तो वाजल्यावर ज्याने वर पळायचं, त्याला वरचं दार उघडं मिळायला हवं.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या चौकटीत विजेरीच्या आधी एक ओळ घाला: 'गच्चीची आणि मीटरच्या खोलीची किल्ली या क्षणी इमारतीत कुणाकडे आहे ते विचारून या.' जागा कमी पडत असेल तर मेणबत्त्या काढा. गॅसची शंका असलेल्या घरात मेणबत्ती लावायला सांगणं मला तसंही पटत नाही.

आपली,
एक जुनी वाचक, कुर्ला (पश्चिम)

ता. क. : कृपया नाव छापू नये. तेव्हाचे सेक्रेटरी अजून इथेच राहतात आणि रोज संध्याकाळी माझ्याकडूनच सहा पोळ्या नेतात. ज्याचा टवका उडाला तो वरवंटाही अजून आहे. काकू गेल्यावर त्यांच्या सुनेने मला दिला. चटणी बरी वाटली जाते.