नानास पत्र: ईथरच्या स्मारकाखालून

बॉस्टन,
२० ऑक्टोबर

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

अकरा महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल तू मला जे काही म्हणाला असशील ते सर्व मान्य आहे. वहिनींनी त्यात जी भर घातली असेल तीही मान्य आहे. प्रकृती ठीक. साखर थोडी वर असते आणि लेक गोड खाऊ देत नाही, एवढेच. लिहायला बसलो त्याचे कारण असे की परवा येथल्या सार्वजनिक बागेत मी तुझे स्मारक पाहिले.

तुझे म्हणजे ईथरचे, तू भूल द्यायला वापरायचास त्या औषधाचे. तारेच्या जाळीवर गॉजचे पदर अंथरून तू थेंब थेंब ईथर सोडायचास आणि रोग्याचा डोळा लागेपर्यंत १६ ऑक्टोबर १८४६ची कथा आम्हा सर्वांना ऐकवायचास, ती मला इतकी पाठ झाली होती की बागेच्या वायव्य कोपऱ्यात तो दगडी स्तंभ दिसताच मला आधी तुझा आवाज ऐकू आला आणि मग तो वास आला. त्या गोडसर, डोके धरणाऱ्या वासामुळे एस. टी.त तुझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची, आणि तिच्यावर मी बसायचो, याचे श्रेय मला तू कधीही दिलेले नाहीस.

स्मारक चाळीस फूट उंच आहे. ग्रॅनाइटचे बांधकाम, पायथ्याशी कुंड, चारही बाजूंना कमानी आणि त्यांत कोरलेले देखावे. एका देखाव्यात युद्धात जखमी झालेल्या शिपायावर शस्त्रक्रिया चालली आहे. अगदी वर, खांबांच्या माथ्यावर, दाढीवाला, फेटा बांधलेला एक म्हातारा बसला असून त्याच्या गुडघ्यावर एक उघडा तरुण निपचित रेलला आहे आणि म्हाताऱ्याच्या हातात कापडाचा बोळा आहे. लेकीला ते चर्चमधून उचलून आणलेले काहीतरी वाटले. तिचे अगदीच चुकले नाही, कारण हा म्हातारा म्हणजे बायबलमधला तो दयाळू शोमरोनी आहे. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलणारा. भूल देण्याशी त्याचा संबंध काय, असे तिने विचारले तेव्हा मी तिला शिलालेख वाचून दाखवला. ईथर हुंगल्याने वेदनेची जाणीव नाहीशी होते, या गोष्टीच्या स्मरणार्थ हे उभारले आहे, आणि ही गोष्ट जगापुढे प्रथम सिद्ध झाली ती बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, असा त्याचा आशय आहे. खाली ऑक्टोबर महिना आणि रोमन आकड्यांत साल. सिद्ध झाली म्हणे; कोणी केली ते नाही. मी चारही बाजूंनी दोनदा फिरलो. ज्याने भूल दिली त्याचे नाव कोठेही नाही.

यातले पुढचे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे, पण मला ते तुझ्यापुढे एकदा मांडू दे, कारण या वेळी ते मला निराळे लागले. दंतवैद्य मॉर्टन आपले उपकरण तयार होण्याची वाट पाहत उशिरा पोहोचला, त्याने गिल्बर्ट अ‍ॅबट नावाच्या तरुणाला ईथर हुंगवले, म्हाताऱ्या शल्यवैद्य वॉरनने त्याच्या जबड्याखालची गाठ कापली आणि वळून सांगितले की हे थोतांड नव्हे. येथपर्यंत तू नाट्यमय आवाजात सांगायचास. त्याआधीचा दंतवैद्य वेल्स मात्र तू भराभर उरकायचास. वेल्स आणि मॉर्टन हे काही काळ एकाच दवाखान्यात भागीदार होते. वेल्सने जानेवारी १८४५ मध्ये याच शहरात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, देऊन दात काढून दाखवला, वायूची पिशवी लवकर दूर झाली, रोगी ओरडला आणि लोकांनी त्याची हुर्यो केली. तीन वर्षांनी, तेहेतिसाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कच्या तुरुंगात स्वतःचा जीव घेतला. ईथर वापरण्याची कल्पना मुळात आपली, असे रसायनशास्त्रज्ञ जॅक्सन जन्मभर सांगत राहिला आणि त्याची शेवटची वर्षे वेड्यांच्या इस्पितळात गेली. तिकडे जॉर्जियात क्रॉफर्ड लाँगने १८४२ मध्येच ईथर देऊन मानेवरची गाठ काढली होती, पण ते छापले १८४९ मध्ये. भांडण इतके विकोपाला गेले होते की देणगीदार थॉमस ली याच्या पैशाने हा स्तंभ उभा राहिला तेव्हा त्याच्यावर कोणाचेच नाव घातले गेले नाही. बॉस्टनचा डॉक्टर-लेखक होम्स याने त्यावर ईथर आणि ईदर असा श्लेष केला होता म्हणतात: हे स्मारक ईथरचे, म्हणजे दोघांपैकी कोणाचेही. १८६८ मध्ये याचे लोकार्पण झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत मॉर्टन न्यूयॉर्कमध्ये मेला, तोही जॅक्सनची बाजू घेणारा एक लेख वाचून संतापलेल्या अवस्थेत. पुढे हार्टफर्डने आपल्या बागेत वेल्सचा पुतळा बसवला. ज्याचा त्याचा माणूस ज्याच्या त्याच्या गावात.

आता मुद्द्यावर येतो. तू ओळखलेच असशील, कारण बातमी तुझ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहिली नसणार. आपल्या जुन्या इस्पितळाच्या नव्या विभागात कोनशिला बसवायची आहे आणि विश्वस्तांनी तिचा मजकूर मला पाठवला आहे. सर्पदंशाच्या रुग्णांना हाताने श्वास देऊन वाचवण्याची पद्धत या तालुक्यात प्रथम सुरू करणारे म्हणून त्यात एकच नाव आहे आणि ते माझे आहे. मजकूर येऊन सात महिने झाले. मी होय कळवले नाही आणि नाहीही कळवले नाही, आणि तुला पत्र लिहिले नाही त्याचेही कारण तेच.

स्मारकाखालच्या बाकावर बसून मला प्रथम जे सुचले ते फार सुखाचे होते. आपणही कोणाचेच नाव घालू नये! केवढा मोठेपणा! लेकीला सांगितलेही. आणि मग लक्षात आले की ही तर दुसरी चोरी होईल. या पद्धतीवरचा माझा निबंध ज्या परिषदेत होता तिच्या छापील अंकात माझे नाव आहेच, दोनदा आहे. कोनशिलेवर ते नसल्याने माझे काही जात नाही. तुझे नाव कोठे आहे? निबंधाच्या शेवटी, ‘भूलतज्ज्ञ सहकाऱ्याचे आभार’ या ओळीत, म्हणजे तेथेही नाही. त्यावरून स्टँडवर आपले जे भांडण झाले त्यात तू म्हणाला होतास की कर्मणी प्रयोग हा चोरांचा प्रयोग आहे. ‘श्वास दिला गेला’, ‘नळी घातली गेली’, म्हणजे जणू इस्पितळातले भूत येऊन घालून गेले. मी त्यावर म्हणालो होतो की भूल देणाऱ्याने भाषेच्या भुला काढू नयेत. विनोद चांगला होता, पण तो मी उत्तर टाळण्यासाठी केला होता.

उत्तर आज देतो. १९८७च्या त्या पावसाळी रात्री जमिनीवर झोपलेल्या ज्या पोराला मण्यार चावली होती, त्याच्याबद्दल आपण चाळीस वर्षे दोन गोष्टी सांगत आलो. माझ्या गोष्टीत मी म्हणतो, ‘थिएटरमध्ये दाबतोस तशी श्वासाची पिशवी येथे दाबत राहिलास तर?’ आणि तू धावत जाऊन ती आणतोस. तुझ्या गोष्टीत नळी आधीच तुझ्या हातात असते. पापण्या मिटलेल्या, बाहुल्या हलत नाहीत, छाती थांबलेली. अँटीव्हेनम देऊनही पक्षाघात उतरेना. पुढचे अडतीस तास तू, मी, मावशी आणि त्याचा थोरला भाऊ पाळीपाळीने पिशवी दाबत होतो. मिनिटाला पंधरा धरले तर ती चौतीस हजारांहून अधिक वेळा दाबली गेली. (बघ, पुन्हा कर्मणी. निम्म्याहून अधिक वेळा त्या भावाने दाबली.)

ईथरचा रोगी जिवंत दिसतो आणि त्याला काही कळत नाही. मण्यारीचा रोगी मेलेला दिसतो आणि त्याला सगळे ऐकू येते. हे वाक्य तुझेच आहे आणि ते मी निबंधात वापरले. पण घरी जाण्याच्या दिवशी तो पोरगा माझ्यापाशी आला होता, हे मी तुला कधी सांगितले नाही. तू त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी सिलिंडर आणायला गेला होतास. तो हसत म्हणाला, ‘डॉक्टर, मी समदं ऐकलं. तुम्ही म्हणालात, गेला, बाहेर सांगा. मग ते दुसरे डॉक्टर म्हणाले, नाडी लागतीये, पिशवी दे.’ त्याच्या मनात राग नव्हता, त्याला ती गंमत वाटत होती. मी त्याला औषधाची चिठ्ठी लिहून दिली. निबंधात मी लिहिले, ‘या काळात ऐकू येत होते असे रुग्णाने सांगितले’, आणि काय ऐकू आले ते लिहिले नाही.

माझी गोष्ट मी मुद्दाम रचली नव्हती, एवढे मात्र मान. काही वर्षे सांगत गेल्यावर ती मला खरोखरच आठवू लागली. मॉर्टनचेही तसेच झाले असावे असे मला परवा वाटले, आणि जॅक्सनचेही. त्या दोघांना एकाच दफनभूमीत जागा मिळाली आहे, हे तुला मजेचे वाटेल. मी तेथे गेलो नाही. लेकीला सुटी नव्हती.

तुझ्या गुडघ्याचे काय झाले? नातीच्या लग्नाला येता आले नाही, त्याचा आहेर लेकीच्या हातून पाठवतो आहे. तुझ्या धाकट्याने अखेर ती नोकरी सोडली असे ऐकले. बरे केले, असे त्याला माझ्या वतीने सांग.

विश्वस्तांना मी कालच कळवले आहे की त्यांचा मजकूर चुकीचा आहे, दुसरा येत आहे आणि तो तू लिहिणार आहेस. त्या रात्री खोलीत कोण काय म्हणाले हे सांगणारा तिसरा माणूस म्हणून त्या पोराचा पत्ताही दिला आहे. तो आता पन्नाशीला आला असेल, पण गाव तेच आहे. दगडावर चार ओळी मावतात. त्याच्या भावाचे नाव तुला आठवत असले तर तेही घाल, मला आठवत नाही. माझे घालायचे की नाही ते तू ठरव. घातलेस तर पिशवी दाबणाऱ्यांत घाल, मावशीच्या खाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोरायला द्यायचे आहे, तेव्हा नेहमीसारखा उशीर करू नकोस, आणि क्रियापदे कर्तरी ठेव.

तुझा,
अप्पा