'कानाला सवय नाही' म्हणण्याआधी डॅक तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत संगणकावरून गाणं ऐकणाऱ्यांसाठी एक लेख आला होता. संगणकातल्या आकड्यांपासून आवाजाची लहर तयार करून ती ॲम्प्लिफायरला देणारी जी बाहेरची डबी असते, जिला सगळे 'डॅक' म्हणतात, ती कोणती घ्यावी, किती रुपयांची घ्यावी, खोक्यावर कोणते आकडे असावेत, हे त्यात सविस्तर होतं. घेतल्यावर ती नीट वाजत नसेल तर काय करायचं, याच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली होती: चांगल्या प्रतीची वायर वापरा. आणि शेवटी, सामान्य श्रोत्याच्या कानाला यातलं फारसं काही कळत नाही, असा शेरा. मला बोलायचं आहे ते या शेऱ्याबद्दल, कारण नेमका हाच शेरा मारून एका दुकानाने मला वाटेला लावलं होतं.

मी मिरजेत गाणं शिकवते. तानपुरे आणि सतारी घडवणाऱ्यांचं हे गाव. इथे जवारी लावणारा, म्हणजे तारेला झंकार आणून देणारा, कारागीरसुद्धा तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि डोळे मिटून ऐकतो. मोजायचं यंत्र त्याच्याजवळ नसतं. अशा गावात राहून 'तुमच्या कानाला कळत नाही' हे ऐकून घेणं जरा जडच जातं.

आमच्या ह्यांनी आयुष्यभर जमवलेल्या सीडी भाच्याने संगणकावर उतरवून दिल्या. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर म्हणजे नुसती चिवचिव, म्हणून डॅक घेतला आणि घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला. जोडणी दुकानातल्या मुलानेच घरी येऊन केली. सोबत आलेल्या सीडीतून ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डॅकशी बोलायला लावणारा प्रोग्राम, घातला, गाणं वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे प्लेअरची, सेटिंगं केली, आणि पहिला ख्याल लावला. गायकाची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी. एका विद्यार्थ्याचा तानपुरा त्याच पट्टीत मिळवून शेजारी ठेवलेला होता. गायकाने षड्ज लावला आणि मी दुकानातल्या मुलाकडे बघितलं, तर तो मान डोलावत होता! सूर पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, मधोमध लोंबकळत होता. पेटीवर तिथे पट्टीच नाही. आवाज बारीक झालेला, विलंबित एकताल लगबगीने चाललेला.

"अरे, चढलंय हे," मी म्हटलं.

"काकू, डॅकचा आवाज असाच क्लिअर असतोय. तुमच्या कानाला अजून सवय नाही. महिनाभर वाजवा, मोकळा होतोय बघा. नाहीतर वायर बदलू की, जरा भारीतली टाकू."

महिनाभर वाजवून षड्ज उतरत नसतो. वायरीचं म्हणाल तर ती खराब असली की आवाज तुटेल, खरखरेल किंवा सरळ बंद पडेल. सगळं गाणं सुरेल ठेवून अख्खी पट्टी चढवणारी वायर अजून कोणी बनवलेली नाही.

दोष शोधायला बसलो ते मी आणि माझी एक विद्यार्थिनी. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिची अट एकच होती: "बाई, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कळत नाही." डॅक काढून तोच ख्याल लॅपटॉपच्या स्पीकरवर लावला. काळी एक, बरोब्बर. म्हणजे भाच्याने उतरवलेली फाइल निर्दोष. डॅक परत जोडला आणि एका मैफलीचा व्हिडिओ लावला. तोही सुरात. पुन्हा सीडीची फाइल, पुन्हा चढलेली. व्हिडिओ बरोबर आणि सीडी चूक, तेही एकाच डबीतून, एकाच वायरीतून! वायरीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

या दोन्हींत फरक मोजणीचा आहे. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी सीडी बाजारात आणली ती आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीची तितकी मोजमापं, या हिशेबाने. हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवर ध्वनी साठवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीतून. पुढे व्हिडिओच्या जगात मात्र ४८,००० हे प्रमाण रूढ झालं. आजही दोन्ही चालतात, म्हणून पुष्कळ डॅकमध्ये वेळ मोजणारे दोन वेगळे स्फटिक असतात, एक ४४.१ हजार आणि त्याच्या पटींसाठी, दुसरा ४८ हजार आणि त्याच्या पटींसाठी. सीडीची फाइल आली की डॅकने पहिल्यावर जायचं. तो दुसऱ्यावरच अडून बसला, तर सेकंदात वाजायचे त्याहून जास्त नमुने वाजून जातात. तासाभराचा राग ५५ मिनिटांत आटोपतो आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी एकच्या वर दीड पट्टी म्हणजे कुठे, ते वर लिहिलंच आहे.

याची खूण आमच्या डोळ्यांसमोरच होती. डॅकच्या तोंडावर एक बारका दिवा आहे. सोबतच्या कागदावर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की ४४.१ ला तो हिरवा लागतो आणि ४८ ला निळा. व्हिडिओ लावला, निळा. सीडी लावली, तरी निळाच. मग प्लेअरमधला एक्सक्लुझिव्ह मोड बंद केला. हा मोड चालू असला की प्लेअर विंडोजच्या मिक्सरला बाजूला सारून थेट डॅकशी बोलतो. बंद असला की विंडोज सगळे आवाज एकाच ठरलेल्या प्रमाणात बदलून घेतं आणि मग पुढे पाठवतं. बंद केल्याबरोबर ख्याल काळी एकवर आला. दिवा मात्र निळाच. म्हणजे डॅक होता तिथेच होता, फक्त ४४.१ चे ४८ करण्याचं गणित आता विंडोजने आधीच उरकलं होतं. राहता राहिला ड्रायव्हर. प्लेअर मागत होता ४४.१, ड्रायव्हर 'हो' म्हणत होता आणि डॅकला काही सांगतच नव्हता.

तो काढून टाकला आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. विंडोज १० मध्ये २०१७ पासून अशा डॅकसाठी विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, कंपनीचा घालावाच लागतो असं नाही. एक्सक्लुझिव्ह मोड परत चालू केला आणि ख्याल लावला. दिवा हिरवा, षड्ज जागेवर. खर्च शून्य रुपये. 'भारीतली' वायर घेतली असती तर हजारो रुपये गेले असते आणि गायक होता तिथेच लोंबकळत राहिला असता.

ज्यांच्याकडे तानपुरा नाही, काळी-पांढरी ज्यांना कळत नाही, त्यांनाही हे घरी तपासता येतं. ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० च्या प्रमाणात ४४० हर्ट्झचा एक सलग सूर तयार करून फाइल जतन करावी. ती डॅकमधून वाजवावी आणि मोबाइलवर सूर मोजणारं कुठलंही ॲप समोर धरावं. ४४० दिसलं तर ठीक. ४७९ च्या आसपास दिसलं तर दुकानदाराला सवयीबद्दल बोलू देऊ नये, आकडा दाखवावा.

आलापात मध्येच 'टक्' असा आवाज येणं ही दुसरी नेहमीची तक्रार. अनेकदा डॅक यूएसबीच्या हबवर, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या जोडावर, लावलेला असतो. तो थेट लॅपटॉपला लावावा. विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवण्याची सोय असते, ती बंद करावी. प्लेअरचा बफर, म्हणजे पुढचे आकडे आधी साठवून ठेवायची जागा, वाढवावा. वायफाय बंद केल्यावर टकटक थांबली तर वायफायचा ड्रायव्हर नवीन घालावा. आणि गाण्याचं पहिलं अक्षरच गिळलं जात असेल, तर तो डॅकला जागं व्हायला लागणारा वेळ असतो. काही प्लेअरमध्ये सुरुवातीला क्षणभराची शांतता जोडता येते, तेवढ्याने काम भागतं.

घुमण्याचा प्रकार मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात जिवाशी खेळ होतो.

लॅपटॉप चार्जरवर असला की आमच्या स्पीकरमधून सतत एक घुमारा यायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा घुमारा ५० आणि त्याच्या पटींत ऐकू येतो. १०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. मी गाते काळी चारमध्ये. माझ्या खर्जाच्या षड्जाला जरासा उतरलेला एक सूर सारखा मागे चालू, यापेक्षा मोठा छळ गाणाऱ्या माणसाला दुसरा नाही. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला की घुमारा गायब. टीव्हीवरून ऑप्टिकल वायरने तोच डॅक आणि तोच ॲम्प्लिफायर वाजवला, तरीही गायब. ऑप्टिकल वायरीतून फक्त उजेड जातो, वीज जात नाही. म्हणजे डॅक चांगला, ॲम्प्लिफायर चांगला. लॅपटॉपचा चार्जर भिंतीच्या एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डावर, दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, आणि त्या दोन्ही यूएसबीच्या वायरीतून एकमेकींना जोडल्या जाऊन वेटोळं तयार झालेलं. त्या वेटोळ्यातून फिरणारी थोडीशी वीज आवाजात उतरते.

बोलावलेल्या वायरमनने काय सांगावं? "चार्जरची तिसरी पिन काढून टाकतो, आवाज लगेच जाईल." आवाज जातो हे खरं. पण धातूच्या पेटीच्या ॲम्प्लिफायरचं किंवा चार्जरचं आतलं काही बिघडून फेज बाहेरच्या पत्र्याला लागला, तर ती वीज जमिनीत नेणारी वाट तीच तिसरी पिन असते. ती काढली की पुढची वाट हात लावणाऱ्या माणसातून. आमच्याकडे त्या पत्र्याला मुलांचे हात लागत असतात. वायरमनला चहा पाजला आणि परत पाठवलं. दोन्ही प्लग चांगल्या अर्थिंगच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले आणि घुमारा जवळजवळ संपला. तेवढ्याने भागत नसेल तर यूएसबी आयसोलेटर म्हणून छोटा जोड मिळतो, किंवा डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये आवाजासाठीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. हा खर्च मात्र कारणी लागतो.

जुन्या वाड्यांतून अजून दोन भोकांचे बोर्ड आहेत, अर्थिंगचा पत्ताच नाही. तिथे धातूच्या लॅपटॉपवर उलटा हात फिरवला की बोटांना झिणझिण्या येतात, आणि तीच झिणझिण स्पीकरमधून 'झूं' करून ऐकू येते. त्यावर आधी घराला अर्थिंग करून घ्यावं. डॅकचा विचार त्यानंतर.

लेखातल्या आकड्यांबद्दलही थोडं. १९२, ३८४ असे आकडे, म्हणजे सेकंदाला तितके हजार नमुने, खोक्यावर ठळक छापलेले असतात. सीडीच्या ४४,१०० नमुन्यांत २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि निरोगी तरुण कानाची मजल साधारण २०,००० पर्यंत. माझ्या वयात तर वरचं बरंच काही ऐकू येईनासं झालंय. हे बारकावे मला कळत नाहीत, असं लेखकाने म्हटलं असतं तर मी मान्यच केलं असतं. पण षड्ज जागेवर आहे की नाही हे ओळखायला २०,००० हर्ट्झ ऐकू यावे लागत नाहीत. माझ्याकडच्या शाळकरी मुलींनाही तो ख्याल 'कसातरीच' लागत होता. पट्टी सांगता आली नसती त्यांना, पण चुकलंय हे कळत होतं.

तेव्हा दोन विनंत्या. पुरवणीत पुढच्या वेळी डॅकची क्रमवारी छापाल तेव्हा शेजारी चौकटीत तपासणीचा क्रमही द्यावा: डॅकशिवाय वाजवून बघा, सीडी आणि व्हिडिओ दोन्ही लावून बघा, बॅटरीवर बघा, मग पैसे काढा. दुसरी विनंती गायनसभा भरवणाऱ्या मंडळांना. हल्ली निवेदनाच्या मध्ये लॅपटॉपवरून जुनी मुद्रणं ऐकवतात, आणि सभागृहभर तो ५० हर्ट्झचा घुमारा फिरत असतो. ध्वनियोजना सांभाळणाऱ्याला 'आधी लॅपटॉप बॅटरीवर घे' एवढं कोणीतरी सांगावं.

पत्र लांबलंय, याची कल्पना आहे. जागेनुसार कुठेही कात्री लावली तरी चालेल, तिसऱ्या पिनेचा मजकूर तेवढा कापू नये.

आपली,
एक गायनशिक्षिका, मिरज