थर्मोस्टॅट न बसवता त्याचे पैसे घेतल्याबद्दल आणि चुकीच्या निदानाबद्दल तक्रार

दिनांक : २० जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : पिकअपचा हीटर व तापमानाचा काटा यांच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

महोदय,

मी निफाड तालुक्यातील द्राक्ष उत्पादक शेतकरी असून आपल्या कंपनीची पिकअप २०११ पासून वापरत आहे. गाडी आजवर २,१४,००० किलोमीटर चालली आहे आणि तिची प्रत्येक मोठी दुरुस्ती मी आपल्या नाशिक येथील अधिकृत सेवा केंद्रातच करून घेतली आहे. बाहेरच्या गॅरेजपेक्षा तेथे जास्त पैसे मोजावे लागतात हे ठाऊक असूनही मी तेथे गेलो, कारण बिलावर लिहिलेला भाग गाडीत खरोखर बसतो, असा माझा विश्वास होता. तो विश्वास या हिवाळ्यात मोडला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मे २०२४ मध्ये कसारा घाट चढताना इंजिन तापले. सेवा केंद्राने वॉटर पंप बदलला, नवे कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) भरले आणि नव्या थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचे, १,१५० रुपये बिलात लावले. त्यानंतर काटा नेहमीपेक्षा खाली राहू लागला, पण आधी इंजिन तापलेले असल्याने तो खाली आहे याचे मला तेव्हा समाधानच वाटले.

नोव्हेंबर अखेरीस थंडी पडली आणि खरी अडचण समोर आली. वीस-पंचवीस किलोमीटर चालवूनही काटा पाव भागाच्या वर सरकत नव्हता आणि हीटरमधून जेमतेम कोमट वारा येत होता. २ डिसेंबरला गाडी केंद्रात नेली, तेव्हा तापमानाचा सेन्सर बदलून ९८० रुपये घेतले. फरक पडला नाही म्हणून १६ डिसेंबरला पुन्हा गेलो, तेव्हा हीटर कोअर (गरम कुलंटवर वारा तापवणारा छोटा रेडिएटर) चोक झाल्याचे, म्हणजे तुंबल्याचे, सांगून नवा कोअर बसवला आणि ७,४०० रुपये घेतले. तरीही वारा कोमटच राहिला. यावर सुपरवायझरचे उत्तर होते, “गाडी जुनी झाली आहे, हीटर आता एवढाच चालायचा.”

निफाडची थंडी राज्यभर माहीत आहे. येथील पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली उतरतो. माझ्या गाडीत एसी नाही, त्यामुळे समोरच्या काचेवरची वाफ घालवण्याचे एकमेव साधन हीटर आहे. ९ जानेवारीच्या पहाटे द्राक्षांचे क्रेट भरून वाशीच्या बाजाराकडे निघालो असता, कसारा घाटाच्या उतारावर काच आतून पूर्ण पांढरी झाली. धाकटा भाऊ शेजारी बसून घाट संपेपर्यंत टॉवेलने काच पुसत होता आणि त्याने पुसलेल्या वीतभर जागेतून मी रस्ता पाहत होतो. त्या जागेत पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसायचे आणि क्षणात धूसर व्हायचे. भाऊ सोबत नसता तर काय झाले असते, या विचाराने मला आजही स्वस्थ झोप लागत नाही.

परतल्यावर मी पिंपळगाव येथील एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने केलेली तपासणी सविस्तर सांगतो, कारण आपल्या केंद्राने ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. त्याने सेन्सरची वायर काढून क्षणभर अर्थला (इंजिनाच्या धातूला) लावली, तेव्हा काटा थेट वरच्या टोकाला गेला. म्हणजे काटा आणि वायरिंग दोन्ही ठीक होते. हीटरकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन्ही पाइप सारखेच कोमट होते. कोअर चोक असता तर एक गरम आणि दुसरा गार लागला असता. शेवटी रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून त्याने माझा हात रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर ठेवायला सांगितला. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हा पाइप गार राहायला हवा, पण तो दोन-तीन मिनिटांतच कोमट होऊ लागला. थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते हाऊसिंग खोलले, तर आत फक्त गॅस्केट होते. थर्मोस्टॅट बसवलेलाच नव्हता.

त्याने आणलेला नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी माझ्यासमोर पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवला. थर्मामीटर ८२ अंशांवर आला तसा त्याची झडप हळूहळू उचलली गेली आणि पाणी गार होताच पुन्हा बसली. तो गाडीत बसवल्यावर बारा मिनिटांत काटा मध्यावर आला आणि हीटरच्या वाऱ्याने काच स्वच्छ झाली. म्हणजे गाडीचे वय हे कारण कधीच नव्हते.

इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. परंतु त्यामुळे कुलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहते, डिझेल इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त लागते आणि इंजिनाची झीज वाढते. माझ्या गाडीचे ॲव्हरेज या काळात लिटरमागे तेरावरून अकरा किलोमीटरवर आले. अधिकृत केंद्राने हे मला न सांगता करावे, न बसवलेल्या भागाचे पैसे घ्यावेत आणि त्यातून उद्भवलेल्या दोषावर आणखी दोन भाग विकावेत, हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

माझी मागणी अशी की तिन्ही बिलांतील या भागांचे एकूण ९,५३० रुपये मला परत करावेत, मे महिन्यातील जॉबकार्डावर (दुरुस्तीच्या नोंदपत्रावर) काम करणाऱ्यांची चौकशी करून तिचा निष्कर्ष मला लेखी कळवावा, आणि त्या काळात त्याच केंद्रात थर्मोस्टॅटचे बिल झालेल्या इतर गाड्या बोलावून तपासाव्यात. या शेवटच्या मागणीवर माझा विशेष भर आहे, कारण तशी एखादी गाडी आजही पहाटे घाट उतरत असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा याबद्दल मी नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सोबत तिन्ही बिलांच्या व जॉबकार्डांच्या प्रती आणि रिकाम्या हाऊसिंगची छायाचित्रे जोडली आहेत. सेवा केंद्राने काढलेले जुने सेन्सर व हीटर कोअर माझ्याकडे जपून ठेवले असून आपल्या प्रतिनिधीस ते केव्हाही पाहता येतील.

आपला,
पिकअपमालक व द्राक्ष उत्पादक शेतकरी,
ता. निफाड, जि. नाशिक