निर्लेखनाआधी विंडोजची एडिशन तपासा

संपादक महोदय,

विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या शाळांत लॅबमधले सगळे संगणक भंगारात काढायचे का, हा एकच विषय आहे. पुरवठादार 'काढा' म्हणतात. मग शाळा समितीपुढे निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करून भंगारात काढण्याचा, ठराव येतो आणि त्याला जोडलेल्या डेडस्टॉक रजिस्टरच्या (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीच्या) प्रतीत प्रत्येक संगणकापुढे फक्त 'विंडोज १०' लिहिलेले असते. मी अनुदानित माध्यमिक शाळेत संगणक शिकवतो. एवढ्याशा नोंदीच्या भरवशावर हा ठराव होऊ नये, यासाठी हे पत्र.

एकाच विंडोज १०चे वेगवेगळे प्रकार म्हणजे एडिशन असतात, पण आमच्या लॅबमध्ये पडद्यावर सगळे संगणक सारखेच दिसतात. प्रत्यक्षात माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज आहे, आमदार निधीतून आलेल्या डेस्कटॉपवर प्रो, आणि एका कारखान्याने दिलेल्या संगणकांवर एंटरप्राइझ एलटीएससी २०२१, म्हणजे संस्थांसाठीची जास्त मुदतीची एडिशन. या शेवटच्या एडिशनला सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहेत. तिचाच आयओटी (यंत्रांमध्ये बसवलेल्या संगणकांसाठीचा) प्रकार असेल तर १३ जानेवारी २०३२ पर्यंत. दिसायला जुळे असलेल्या दोन संगणकांच्या मुदतीत पाच वर्षांचा फरक पडतो आणि रजिस्टरमध्ये त्याचा मागमूस नसतो. (देणगीचे संगणक घेताना परवानाही शाळेकडे आला आहे का, हे देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. ते राहूनच जाते.)

कॅबिनेटवरच्या स्टिकरवर विसंबू नये. विंडोज ७चे स्टिकर असलेल्या कितीतरी संगणकांवर पुढे विंडोज १० चढलेली आहे. एकेका संगणकावर सेटिंग्ज उघडून वहीत उतरवणेही नको, त्यात लिहिताना चुका होतात. पॉवरशेल या विंडोजमधल्याच साधनाची चार-पाच ओळींची स्क्रिप्ट (लिहून ठेवलेले आदेश) पेनड्राइव्हवर घ्यावी आणि प्रत्येक संगणकावर चालवावी. ती फक्त माहिती वाचते, काही बदलत नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही, आणि आमच्याकडच्या शाळांत ही मोठी सोय आहे, कारण तो पासवर्ड बदली होऊन गेलेल्या शिक्षकांबरोबरच गेलेला असतो.

या स्क्रिप्टमध्ये नेमके काय वाचायचे ते सांगतो, कारण फिरत असलेल्या जुन्या स्क्रिप्ट इथेच फसतात. गेट-सिमइन्स्टन्स या आदेशाने विन३२_ऑपरेटिंगसिस्टीम ही विंडोजची माहिती वाचली की ऑपरेटिंगसिस्टीमएसकेयू नावाचा, एडिशन सांगणारा एक क्रमांक मिळतो. १०१ म्हणजे होम, १०० म्हणजे होम सिंगल लँग्वेज, ४८ म्हणजे प्रो, १२१ म्हणजे एज्युकेशन, ४ म्हणजे एंटरप्राइझ, १२५ म्हणजे एलटीएससी, १९१ म्हणजे तिचा आयओटी प्रकार. नावाऐवजी क्रमांकच घ्यावा. विंडोजची भाषा बदलली की नाव बदलू शकते, क्रमांक बदलत नाही.

विंडोज १० की ११, हे ठरवताना रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदींतल्या) प्रॉडक्टनेमवर अजिबात भरवसा ठेवू नये. विंडोज ११ असली तरी तिथे 'विंडोज १०' असेच लिहिलेले असते. तिथलाच करंटबिल्ड हा आकडा पाहावा. २२००० किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर विंडोज ११. विंडोज १०ची शेवटची आवृत्ती २२एच२ असेल तर १९०४५ दिसते. डब्ल्यूएमआयसी या जुन्या आदेशावर लिहिलेल्या बॅच फाइली (जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्ट) तर आता टाकूनच द्याव्यात, विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून तो आदेश मुळातच बसवलेला येत नाही.

स्क्रिप्टने हे सगळे एका सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) संगणकाच्या सिरीयल नंबरसह लिहावे. असेंबल केलेल्या संगणकांत सिरीयलच्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' एवढेच येते. अशांना डेडस्टॉकचा क्रमांक हाताने द्यावा, नाहीतर यादीत कोणता संगणक कोणता हे कळणार नाही.

यादी हाती आली की ठराव बदलतो. एलटीएससीचे संगणक त्यातून लगेच बाहेर पडतात. प्रो आणि एज्युकेशनच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. शैक्षणिक संस्थांना तिचा दर एका संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. त्यासाठी २२एच२ असावी लागते, आणि ती आहे की नाही हे त्याच यादीत दिसते. नव्या खरेदीच्या कोटेशनमध्ये 'सर्व संगणकांवर एकाच ठिकाणाहून नियंत्रण' असे लिहून येते, तेही तपासता येते: असे नियंत्रण ज्यातून होते त्या डोमेनला (संस्थेच्या सामायिक नेटवर्कला) होम एडिशन जोडता येत नाही. जे संगणक विंडोजसाठी खरोखरच निकामी ठरतील त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून मुलांना टायपिंग आणि प्रोग्रामिंग शिकवता येते.

माझी गटशिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे की तपासलेली एकच स्क्रिप्ट त्यांनी सर्व शाळांना द्यावी आणि निर्लेखनाच्या प्रस्तावाला तिची यादी जोडणे बंधनकारक करावे. ज्या शाळेत संगणक शिक्षक नाही, तिथे शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला एक दिवस पाठवावे. कोरेगाव परिसरात असे काम करायला मी तयार आहे.

— एक संगणक शिक्षक, कोरेगाव (जि. सातारा)