पुण्याच्या मालकीचा क्लब वर कसा आला

ब्लॅकबर्न

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, की आपल्या पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या कंपनीचा तो इंग्लंडमधला फुटबॉल क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, पार तिसऱ्या विभागात गेला होता ना, मग तो परत वर आला कसा? फोनवर ते नीट सांगता येत नाही, आकडे डोळ्यांसमोर लागतात. म्हणून हे पत्र. आई, तूही वाच. यात गोलांपेक्षा हिशेब जास्त आहे आणि घरचा हिशेब तूच बघतेस.

आधी इथली शिडी समजून घ्या. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच खेळतो. इथे तसं नाही. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघांची. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ संघ. नावावर जाऊ नका, लीग वन म्हणजे तिसरा विभाग. प्रत्येक संघ बाकीच्या २३ जणांशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, म्हणजे ४६ सामने. जिंकलं की ३ गुण, बरोबरीला १, हरलं की शून्य. लीग वनमधले पहिले दोन थेट वरच्या विभागात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्ले-ऑफ खेळतात: तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी, दोन-दोन सामने, आणि मग लंडनला वेम्बलीच्या मैदानावर अंतिम सामना. तो जिंकणारा एकच वर जातो. लीग वनच्या तळाचे चार संघ खाली.

ब्लॅकबर्न रोव्हर्स १८७५ सालचा क्लब. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक संघांपैकी एक. १९९५ मध्ये प्रशिक्षक केनी डॅल्ग्लिशच्या हाताखाली तो प्रीमियर लीग जिंकला. त्यामागे पैसा होता तो याच गावातल्या जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याचा. वॉकर २००० मध्ये वारले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या ट्रस्टकडून वेंकीजने क्लब विकत घेतला, २ कोटी ३० लाख पौंडांना. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, हा संघ बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीचा सामना खेळून गेला. ३-० ने जिंकला होता.

मालकांचं इथे काय चुकलं हेही सांगायला हवं, नाहीतर २०१७-१८ च्या हंगामातल्या बढतीचं मोल कळणार नाही. पैशाचं नव्हे, त्या वर्षांत तूट ते भरत होते. चुकलं ते प्रशिक्षकांच्या बाबतीत. आल्या आल्या महिन्याभरात सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला. त्यानंतरच्या एकाच हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि मायकेल अ‍ॅपल्टन ६७ दिवस. दर नवा माणूस आपल्या पद्धतीचे खेळाडू आणणार, जुने करार तसेच राहणार, आणि पगाराचा बोजा वाढत जाणार. शेती असो की फुटबॉल, दर दोन महिन्यांनी पीक उपटून नवं लावलं तर हाती काय लागणार?

मे २०१७ मध्ये संघ चॅम्पियनशिपमधूनही खाली गेला. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला जाऊन ३-१ ने जिंकूनसुद्धा. ब्लॅकबर्नचे ५१ गुण आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१. गुण सारखे झाले की गोलफरक बघतात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. फॉरेस्टचा उणे १०, ब्लॅकबर्नचा उणे १२. एवढ्या फरकाने एका संघाची चॅम्पियनशिप राहिली, दुसऱ्याची गेली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या विभागात जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या हंगामातल्या १५ बरोबऱ्यांपैकी एक जरी विजयात बदलली असती, तरी हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रशिक्षक टोनी मोब्रे फेब्रुवारी २०१७ मध्ये आला होता, घसरण निम्मी-अधिक ठरून गेल्यावर. खाली गेलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला काढण्याची रीतच आहे. पुण्यातून या वेळी तसं झालं नाही, त्याला ठेवलं. मोब्रेने २००८ मध्ये वेस्ट ब्रॉमला चॅम्पियनशिप जिंकून वर नेलं होतं, म्हणजे ४६ सामन्यांचा हंगाम कसा ओढायचा हे त्याला ठाऊक होतं. तो पुढे २०२२ पर्यंत राहिला. सगळी बढती या एका निर्णयावर उभी आहे असं मला मनापासून वाटतं.

मग खेळाडू. लीग वनमध्ये तेव्हा नियम असा होता की खेळाडूंच्या पगारावर उलाढालीच्या ६० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येई. मालकाने कर्ज म्हणून न देता भांडवल म्हणून घातलेला पैसा मात्र उलाढालीत धरत. त्यामुळे मालक खंबीर असेल तर थोडी मोकळीक मिळे, पण ती उधळायला नव्हे. मोब्रेने जिलिंगहॅमहून ब्रॅडली डॅकला घेतलं, बातम्यांत आलेली किंमत साडेसात लाख पौंडांच्या आसपास. वय २३, लीग वन पायाखालची. आघाडीला डॅनी ग्रॅहम, ३२ वर्षांचा, प्रीमियर लीग खेळून आलेला. कर्णधार चार्ली मलग्रू, स्कॉटलंडकडून खेळणारा डावखुरा बचावपटू. मधल्या फळीत रॉदरहॅमहून आलेला रिची स्मॉलवुड. गोलपोस्टमध्ये डेव्हिड राया, जो आज आर्सेनलचा गोलरक्षक आहे. राया, डॅरा लेनिहन, रायन न्यांबे हे क्लबच्या ब्रॉकहॉल इथल्या अकादमीत तयार झालेले. संघ तिसऱ्या विभागात गेला तरी ही अकादमी पहिल्या दर्जाचीच ठेवली, आणि ती चालवायला पैसा लागतो. मालकांना शिव्या घालताना इथले लोक हे विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

बहुतेक वेळा मांडणी अशी: मागे चार, त्यांच्यापुढे दोन राखणदार मध्यरक्षक, मग तिघं, आणि टोकाला एकटा ग्रॅहम. डॅक त्या तिघांत मधोमध. ग्रॅहम पाठ गोलकडे करून उंच आलेला चेंडू छातीवर किंवा पायावर घेतो, बचावपटूला अंगावर ओढतो, आणि त्याने रिकामी केलेल्या जागेत डॅक मागून धावत येतो. बचावपटूने ग्रॅहमला सोडलं तर तो वळून मारणार, नाही सोडलं तर डॅक मोकळा. डॅकने लीगमध्ये १८ गोल केले आणि लीग वनचा त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण ब्लॅकबर्नसारखा मोठ्या नावाचा संघ या विभागात आला की समोरचे दहा जण चेंडूच्या मागे जाऊन बसतात. ईवुड पार्क या ब्लॅकबर्नच्या मैदानावर ३१ हजारांवर माणसं मावतात. इथे येऊन ०-० करून गेलं तरी छोट्या संघाला ती कमाईच. मग धावायला जागाच उरत नाही. अशा सामन्यांचं कुलूप उघडतं ते थांबलेल्या चेंडूवर: कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी. मलग्रू इथे कामाला आला. डावखुऱ्या माणसाने उजव्या बाजूने मारलेला चेंडू गोलकडे वळत आत येतो. बचावपटूला तो बाहेर काढायचा तर स्वतःच्याच गोलकडे तोंड करून डोकं लावावं लागतं, आणि कुणाचंच डोकं लागलं नाही तर चेंडू सरळ जाळ्यात जाऊ शकतो. समोरची फ्री किक असेल तर ९.१५ मीटरवर भिंत उभी असते; मलग्रू चेंडू भिंतीवरून उचलून पोस्टच्या आत उतरवायचा. बचावपटू असून त्याने लीगमध्ये १४ गोल केले, ग्रॅहमनेही १४. डॅकचे १८ धरून या तिघांचे ४६. संघाचे एकूण गोल ८२. निम्म्याहून जास्त तीन माणसांचे.

सुरुवात वाईटच झाली. ५ ऑगस्ट २०१७ ला साउथएंडला जाऊन २-१ ने हरले, १२ तारखेला घरच्या मैदानावर डॉनकास्टरकडून ३-१ ने. दोन सामने, शून्य गुण. हा विभाग हलका समजलं की असंच होतं. इथे चेंडू हवेत जास्त असतो, अंगाला अंग जास्त लागतं, आणि खाली आलेल्या संघाला हरवायला प्रत्येक जण इरेला पेटलेला असतो. शिवाय शनिवार-मंगळवार-शनिवार असे सामने येतात. प्लिमथला जायचं म्हणजे पुण्याहून पणजीला जाण्याइतका बसप्रवास, खेळून परत तेवढाच. जानेवारीपर्यंत मांडीचे स्नायू दुखावलेले तीन-चार जण प्रत्येक संघात असतात. त्यासाठीच जानेवारीत खेळाडू आणायची मुभा असते. ब्लॅकबर्नने न्यूकॅसलकडून अ‍ॅडम आर्मस्ट्राँगला मेपर्यंत उसना आणला. सामन्याच्या १८ जणांत तेव्हा उसने पाचच चालत, म्हणून तो हक्क जपून वापरावा लागे. आर्मस्ट्राँग वेगवान. ग्रॅहम-डॅकपुरता अभ्यास करून आलेल्या बचावाच्या पाठीमागे धावणारा एक जण त्यामुळे मिळाला. अर्ध्या हंगामात त्याचे ९ गोल झाले.

बाबा, आता वही घ्या. थेट बढतीचा ढोबळ ठोकताळा म्हणजे सामन्यामागे दोन गुण: ४६ दुणे ९२. सहा-सहा सामन्यांचे गट पाडले तर प्रत्येक गटात १२ गुण हवेत. चार जिंकून दोन हरा, किंवा तीन जिंकून तीन बरोबरीत सोडवा, दोन्ही चालतं. बरोबरी सुरक्षित वाटते पण महागात पडते. दोन बरोबऱ्यांचे दोनच गुण, तर एक विजय आणि एका पराभवाचे तीन. ब्लॅकबर्नचा शेवटचा हिशेब: २८ विजय, १२ बरोबऱ्या, ६ पराभव, ९६ गुण. एकूण १३८ पैकी ४२ सांडले, त्यातले २४ बरोबऱ्यांत आणि १८ पराभवांत. आणि त्या सहा पराभवांतले दोन पहिल्याच आठवड्यातले. म्हणजे पुढच्या ४४ सामन्यांत हा संघ फक्त चारदा हरला.

एवढं करूनही पहिला नंबर नाही. विगनचे ९८ गुण झाले. हा तोच विगन, ज्याने त्या फेब्रुवारीत एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत मँचेस्टर सिटीला १-० ने घरी पाठवलं. तिसऱ्या श्रूजबरीचे ८७ आणि चौथ्या रॉदरहॅमचे ७९. प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात रॉदरहॅमने श्रूजबरीला जादा वेळेत २-१ ने हरवलं आणि आठ गुणांनी मागे असलेला संघ वर गेला. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत जीव अडकतो.

बढती पक्की झाली २४ एप्रिल २०१८ ला, मंगळवारी रात्री, डॉनकास्टरच्या मैदानावर. ऑगस्टमध्ये ज्यांनी ईवुडवर येऊन तीन गोल घातले होते त्यांच्याच दारात. दुसऱ्या अर्ध्यात मलग्रूने गोल केला, १-०. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये अर्धं ब्लॅकबर्न लोटलं होतं. दोन सामने बाकी असतानाच काम झालं.

आई, तू विचारशील की मालकाचा पैसा आहे म्हटल्यावर एवढी काय धडपड? त्याच विभागात त्या वर्षी ३६ गुणांनी तळाला गेलेला बरी हा क्लब बघ, इथून जवळचाच. पुढच्या वर्षी लीग टूमधून तो परत वर आला, गुण मैदानावर मिळवून. पण देणी थकली होती, ती भागवता येतील हे दाखवता आलं नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वरच्या विभागात एकही सामना न खेळता त्याला लीगमधून काढून टाकलं. ब्लॅकबर्नच्या खेळाडूंचे पगार पुण्याहून वेळेवर येत राहिले. २०१८-१९ मध्ये संघाने चॅम्पियनशिपमध्ये ६० गुण घेतले, १५वा आला आणि टिकला.

बाबा, या हंगामाचा लीग वनचा तक्ता वर्तमानपत्रात येणार नाही, मोबाइलवर बघा. वहीत २४ ओळी आखा आणि सहा-सहा सामन्यांनी गुण लिहीत जा. नाताळपर्यंत पहिले चार-पाच कोण ते दिसायला लागेल. पुढच्या फोनला तुमची दोन नावं सांगा, मी माझी सांगते.

तुमची लेक